घरची मोटार : इंजिनाचे पाणी जाते कुठे?

दिल्लीचा उन्हाळा माणसाची जशी परीक्षा पाहतो, तशी यंत्राचीही पाहतो. २९ मे २०२४ रोजी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. त्यापूर्वी २९ मे १९४४ रोजी येथेच पारा ४७.२ अंशांपर्यंत चढला होता. हे आकडे सावलीतील हवेचे. रिंग रोडवरील कोंडीत अडकलेल्या मोटारीच्या वाट्याला याहून तप्त हवा येते. खाली डांबर तापलेले, पुढच्या गाडीची ऊब नाकाशी, आणि आत वातानुकूलन यंत्र चालू. अशा वेळी तापमानाचा काटा तांबड्या रेषेकडे सरकू लागला, की गाडीतील सर्वांचे बोलणे थांबते.

मग गाडी कडेला लागते, बॉनेट उघडले जाते, वाफ निघून गेल्यावर कोणी बाटलीतले पाणी ओततो आणि गाडी पुन्हा मार्गी लागते. बोरघाट किंवा कसारा घाट जुन्या गाडीतून चढलेल्या वाचकांनाही हा प्रसंग अपरिचित नाही. आठ दिवसांनी पुन्हा पाणी कमी होते, पुन्हा ओतले जाते आणि हळूहळू त्याची सवय जडते. ही सवय फार महागात पडते. मोटारीची शीतनव्यवस्था बंदिस्त असते. तिच्यातील पाणी इंधनाप्रमाणे खर्च होण्यासाठी नसते. ते वारंवार कमी होत असेल, तर कोठून तरी बाहेर जात आहे हे निश्चित. म्हणून पाणी ओतणारा हात चालू लागण्यापूर्वी शोधणारा डोळा चालू लागला पाहिजे. हा शोध घरच्या घरी, फारसा खर्च न करता पुष्कळसा घेता येतो.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि उरलेला सुमारे एक तृतीयांश भाग शीतनव्यवस्थेला वाहून न्यावा लागतो. पंपाने ढकललेले पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरते, तापते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाते, तेथे हवेने निवते आणि परत येते. रेडिएटरला आजचे रूप येण्यास विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याची कल्पकता कारण झाली. १९०० साली तयार झालेल्या मर्सिडीज गाडीसाठी त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, ८,०७० चिमुकल्या नळ्यांचा रेडिएटर बनविला. थोड्या जागेत हवेला पुष्कळ पृष्ठभाग भेटावा, हे त्यामागील तत्त्व आजही कायम आहे.

पाण्याच्या मार्गात थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा दरवाजा असतो. त्यातील मेणाची गोळी ठरावीक उष्णतेला, बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, वितळून फुगते व दरवाजा उघडते. त्यामुळे थंड इंजिन लवकर ऊब धरते आणि तापलेल्या इंजिनाचे पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते.

राहिले झाकण. रेडिएटरचे झाकण आणि स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर यांचे तत्त्व एकच आहे. आत साधारण एक किलो दर चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब राहिला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. म्हणूनच काटा थोडा वर गेला तरी पाणी लगेच उकळत नाही. परंतु त्याच क्षणी झाकण उघडले, तर दाब नाहीसा होऊन ते पाणी एकदम वाफ होते आणि तोंडावर व हातांवर उसळते. शिटी न उतरवता कुकर उघडण्याचे धाडस कोणतीही गृहिणी करणार नाही. तोच नियम येथे कटाक्षाने पाळावा. पुढे सांगितलेल्या सर्व तपासण्या, जेथे वेगळे म्हटले नसेल तेथे, पूर्ण थंड इंजिनावर, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी कराव्यात. विजेचा पंखा किल्ली काढल्यावरही आपोआप फिरू शकतो. हे ध्यानात घेऊन हात, ओढणी, साडीचा पदर व सैल बाही त्यापासून दूर ठेवावी.

गाडी केव्हा तापते?

वैद्य प्रथम ताप केव्हा चढतो हे विचारतो. मोटारीलाही हाच प्रश्न विचारावा. निम्मे निदान त्यातच होते.

कोंडीत उभी असताना गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंख्याचा संशय घ्यावा. वेगात असताना समोरचा वारा पंख्याचे काम करतो. उभ्या गाडीला पंख्यावाचून आधार नाही. अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असे. इंजिन मंद तर पंखाही मंद, त्यामुळे गर्दीत त्या तापत. आजच्या बहुतेक गाड्यांत पंखा विजेवर चालतो. तो तपासणे सोपे आहे. मोकळ्या जागेत इंजिन सुरू करून वातानुकूलन चालू करावे; बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. तो फिरला, पण वातानुकूलन बंद असताना काटा चढूनही फिरला नाही, तर दोष तापमान ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये अथवा त्याच्या तारांत असण्याचा संभव आहे. तो मुळीच फिरला नाही तर फ्यूज, रिले आणि शेवटी मोटर, या क्रमाने पाहावे. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

शहरात गाडी ठीक चालते, पण यमुना एक्सप्रेसवेवर तासभर वेगाने धावल्यावर किंवा घाट चढताना तापते, तर पंखा बहुधा निर्दोष असतो. येथे रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून कचऱ्याने चोंदला आहे, पंप अशक्त झाला आहे, किंवा खालची रबरी नळी पंपाच्या ओढीने चपटी होत आहे, असे समजावे.

सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा वर जात असेल, तर पाणी फार कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे. रेडिएटरच्या दोन मोठ्या नळ्यांपैकी एक अतिशय गरम आणि दुसरी अगदी गार असणे ही या शेवटच्या दोषाची खूण. याउलट, जानेवारीतील थंडीत बराच वेळ गाडी चालवूनही काटा वर येत नाही आणि हीटर ऊब देत नाही, तर थर्मोस्टॅट उघड्या स्थितीत अडकला असावा.

थर्मोस्टॅट सुटा काढता येत असेल, तर त्याची परीक्षा शेगडीवर करता येते. पुन्हा स्वयंपाकास वापरावयाचे नाही असे जुने पातेले घ्यावे, त्यात पाणी भरून थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्यभागी लोंबता ठेवावा आणि पाणी हळूहळू तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास त्याचे तोंड उघडू लागले पाहिजे. पाणी खळखळून उकळले तरी तो मिटलेलाच राहिला, तर तो निकामी झाला.

रात्रीचा पहारा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाणी जाते कुठे? पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर किमान व कमाल अशा दोन रेषा असतात. सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहून तेथे चिकटपट्टीची बारीक खूण करावी. रात्री गाडीखाली जुन्या वर्तमानपत्राचे कागद अंथरून त्यांवर दगड ठेवावेत. सकाळी डाग पडला असेल, तर त्याच्या बरोबर वर, किंवा थोडे पुढेमागे, गळतीचे ठिकाण सापडते.

एक भ्रम मात्र टाळावा. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रातून स्वच्छ पाणी थेंबथेंब गळते. ते हवेतील बाष्पाचे पाणी असून तो दोष नव्हे. कूलंट मात्र हिरवा, तांबडा, गुलाबी किंवा निळा असतो, बोटांना किंचित बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास असतो. तो सुकल्यावर पांढुरका अथवा रंगीत पापुद्रा राहतो. नळ्यांचे जोड, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टोप्यांच्या कडा आणि पंपाखालचा भाग विजेरीच्या उजेडात न्याहाळावा. थंड नळी दाबून पाहावी; ती कडक होऊन करकरत असेल, फुगून मऊ पडली असेल किंवा टोकाशी चिरली असेल, तर बदलावी. झाकणाच्या आतील रबर तडकले असेल, तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडते. झाकण ही अगदी स्वस्त वस्तू आहे. परंतु बदलताना त्यावरील दाबाचा आकडा पूर्वीचाच असावा.

दिल्ली परिसरात सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांच्याकरिता एक विशेष सूचना. टाकीतील अतिदाबाचा वायू रेड्यूसरमध्ये एकदम सैल होताना फार थंड होतो. रेड्यूसर गोठू नये म्हणून बहुतेक गाड्यांत इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरवलेले असते. त्यामुळे अशा गाडीत गळतीची ठिकाणे वाढतात, आणि पाणी कमी झाल्याची पहिली सूचना कधी कधी काट्याऐवजी रेड्यूसरवर जमलेल्या हिमाने मिळते. वायूवर चालताना गाडी अडखळते आणि पेट्रोलवर सुरळीत चालते, तर पाण्याची पातळी अवश्य पाहावी.

बाहेर डाग नाही आणि तरीही पातळी उतरत आहे, ही सर्वांत गंभीर स्थिती होय. पुढील आसनापाशी पायाखालचे जाजम ओले आणि काचेवर सारखी चिकट वाफ धरते, तर आतील हीटर गळत आहे. तसे नसेल, तर पाणी इंजिनाच्या आतच शिरत असण्याची शक्यता आहे, म्हणजे हेड गॅस्केट फुटली आहे. इंजिन तापल्यावरही मागून दाट पांढरा धूर, टाकीत सतत बुडबुडे आणि डिपस्टिकवरील तेल ताकासारखे दुधाळ, या त्याच्या खुणा. दिल्लीच्या थंडीत सकाळी पहिली काही मिनिटे पांढरी वाफ निघणे मात्र स्वाभाविक आहे. गॅस्केटचा संशय आल्यास गाडी चालवू नये. थोडे अंतर जाण्याच्या मोहाने अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि लहान दुरुस्तीचे मोठे काम होऊन बसते.

कोणते पाणी भरावे?

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या परिसरातील पुष्कळ घरांत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी येते आणि ते बहुधा जड असते. गीझरच्या कांडीवर जो पांढरा थर साचतो, तोच थर हे पाणी इंजिनाच्या भिंतींवर व रेडिएटरच्या नळ्यांत बसविते. हा थर उष्णता अडवितो. शिवाय पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, आता ते अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. साध्या पाण्याने हा धातू झिजतो. म्हणून ऊर्ध्वपातित किंवा क्षारविरहित पाणी, जे बॅटरीसाठी विकत मिळते, त्यात कूलंट मिसळून वापरावे.

कूलंटचा मुख्य घटक बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतो. तो व पाणी समप्रमाणात घेतल्यास मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते आणि उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. दिल्लीत गोठण्याची भीती नाही हे खरे. परंतु येथील कुटुंबे हिवाळ्यात सिमला-मनालीस जातात. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीतील साधे पाणी गोठले तर ते सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. उलटपक्षी, निव्वळ कूलंट ओतणेही चूक आहे. तो पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही आणि उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठतो. बाटलीवर तयार मिश्रण असे लिहिले असेल, तर त्यात आणखी पाणी घालू नये. रंग सारखा म्हणून प्रकारही सारखा, असे समजू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच प्रकार आणावा. काश्मीरी गेटसारख्या मोठ्या बाजारातून सुटे भाग घेताना वेष्टन, भागाचा क्रमांक व पावती पाहून घ्यावी.

कूलंट बदलण्याची कृती अवघड नाही. थंड इंजिनावर झाकण काढावे, रेडिएटरखाली पसरट भांडे ठेवून तळाची तोटी अथवा खालची नळी सोडावी आणि जुना द्रव गोळा करावा. तो गढूळ असेल तर क्षारविरहित पाणी भरून, इंजिन थोडा वेळ चालवून, पूर्ण निवल्यावर पुन्हा काढावे. मग नवे मिश्रण अगदी सावकाश ओतावे, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवावा आणि पुस्तिकेतील पद्धतीप्रमाणे इंजिन मंद चालवून आतील हवा बाहेर काढावी. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून गरम हवा आली, म्हणजे हवा निघाली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी.

काढलेला द्रव गटारात किंवा बागेत कदापि टाकू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक आहे. कुत्री-मांजरे तो चाटतात, लहान मुलेही फसतात. तो पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत न ठेवता, नाव लिहिलेल्या डब्यात भरून कार्यशाळेत द्यावा. कोणाच्या पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, हेही लक्षात असू द्यावे.

रेडिएटरचा बाहेरचा भागही दुर्लक्षू नये. एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीच्या रस्त्यांवर सावरीचा कापूस उडतो, त्यापाठोपाठ धुळीची वादळे येतात; हे सारे रेडिएटरपुढील जाळीत अडकते. मऊ ब्रशाने व कमी जोराच्या पाण्याने ते काढावे. धुलाईकेंद्रातील जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

तीन फसवे उपाय

रस्त्यावरील अनुभवातून काही उपाय रूढ झाले आहेत. गळका रेडिएटर बंद करण्यासाठी त्यात हळद टाकणे हा त्यांपैकी पहिला. आडरानात त्याने घर गाठता येईलही. पण तीच हळद पुढे बारीक नळ्यांत गाळ होऊन बसते. उन्हाळ्याच्या नावाखाली थर्मोस्टॅट काढून टाकणे हा दुसरा. त्यामुळे इंजिन योग्य उष्णतेस पोहोचत नाही, इंधन जास्त जळते आणि काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते. पंखा थेट किल्लीला जोडणे हा तिसरा. गाडी निवते, परंतु पंखा अहोरात्र राबून लवकर जळतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो. हे तिन्ही उपाय लक्षण झाकतात. झाकलेले दुखणे जेव्हा पुन्हा डोके वर काढते, तेव्हा बहुधा घर फार दूर असते.

वाटेत गाडी तापली तर

काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण चालू करावा. उन्हाळ्यात हे क्रूर वाटेल. पण इंजिनाची काही उष्णता त्यावाटे बाहेर पडते. सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत व इंजिन बंद करावे. मुलांना व वृद्धांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूने उतरवून सावलीत बसवावे. वाफ दिसत असेल तोवर बॉनेट उघडू नये. निदान पाऊण तास थांबावे. नंतरही झाकणावर जाड फडके ठेवून, तोंड दूर ठेवून, ते थोडेसे फिरवावे. फुसकारा पूर्ण थांबल्यावरच काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये, धातूला तडा जातो. काट्याऐवजी दिवे असलेल्या गाड्यांत निळा दिवा थंड इंजिनाचा व तांबडा तापलेल्या इंजिनाचा असतो; तांबडा लागल्यावर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाण्याचा हिशेब करू नये.

घरच्या दुरुस्तीला मर्यादाही आहेत. टायमिंग बेल्टमागे दडलेला पंप, हेड गॅस्केट आणि विद्युत किंवा हायब्रीड गाड्यांतील बॅटरीची शीतनव्यवस्था ही कामे जाणत्या कारागिराकडेच द्यावीत. नारिंगी वेष्टनाच्या तारांना तर मुळीच हात लावू नये. मात्र कारागिराकडे जाताना आपली निरीक्षणे बरोबर न्यावीत. गाडी तापते हे नुसते सांगण्याऐवजी, गाडी केवळ कोंडीत तापते, वातानुकूलनाबरोबर पंखा फिरतो आणि आठवड्यात पातळी दोन बोटे उतरते, असे सांगणाऱ्या ग्राहकाचे अनावश्यक भाग सहसा बदलले जात नाहीत.

त्यासाठी गाडीत एक लहान वही ठेवावी. दर रविवारी सकाळी पाण्याची पातळी, कूलंट बदलल्याची तारीख व त्या वेळचे किलोमीटर तीत लिहावेत. घरातील मुलामुलींकडे हे काम सोपवल्यास त्यांना यंत्राची ओळख होते आणि नोंदीत खंडही पडत नाही. मे महिन्याच्या सुटीत दिल्लीहून पुण्याला किंवा नागपूरला निघण्यापूर्वी त्या वहीची शेवटची चार पाने वाचून पाहावीत. पाणी चारही रविवारी एकाच रेषेवर असेल, तर त्या बाबतीत निश्चिंत मनाने प्रस्थान ठेवावे. ते उतरत गेलेले दिसले, तर सामान बांधण्याआधी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरावे.